दोन विठोबा आणि बकुळामावशीचा इंडेक्स

हे मी लिहिणारच नव्हते, खरं सांगते. कॉलेजच्या अंकासाठी आपल्या भागातल्या एका साध्या माणसावर लिहायला सांगितलं होतं आणि मी कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यावर अर्धं पान बडवलंही होतं. बकुळामावशीवर लिहायचं म्हणजे डेटाबेस आणि इंडेक्स समजावत बसा, कोण वाचणार ते? वर ती स्वतःच म्हणाली, "माझी चूक छापून आणतेस काय गं?" पण परवा जिन्यात तिचे बाबा भेटले आणि सहज म्हणाले, "थोरल्या विठोबाला बरं नाय गो." बस्स. वडापाववाला पुसला आणि हे लिहायला घेतलं. काका, सॉरी.

तर बकुळा. बकुळा राजाराम गमरे. परळची चाळ, दुसरा मजला, जिन्याला लागून खोली. गिरणीचा संप झाला तेव्हा ती आठेक वर्षांची. बाबा लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागावर. संप सुरुवातीला तिला मजाच वाटला, बाबा दिवसभर घरी! मग तांदळाचा डबा वाजायला लागला. आईचं कानातलं गेलं, मग आई खानावळीत भाकऱ्या थापायला जायला लागली, आणि राजारामच्या कानावर आलं की एका खासगी रक्तपेढीत रक्ताचे पैसे देतात.

तो गेला. पोरीला ठेवणार कुठे, म्हणून तिलाही घेऊन गेला. बकुळा बाहेर बाकड्यावर बसायची. रक्त दिल्यावर आतून एक केळं मिळायचं, ते बाबा आणून तिच्या हातात द्यायचे. तिला कितीतरी दिवस वाटायचं, बाबा केळं आणायलाच आत जातात.

एकदा मात्र बाबा लगेच बाहेर आले. मागून आतला माणूस ओरडत होता, "गमरे, परत येऊ नको! तुझं रक्त कुणालाच चालत नाय!"

राजाराम फुटपाथवर उभा राहिला. "मिलला आपण नको झालो," तो म्हणाला, "आता रक्त पण नको म्हणतात." त्या दिवशी केळं नव्हतं आणि बकुळानं मागितलंही नाही. आठ वर्षांची होती, पण तिला कळलं की आज मागायचं नसतं.

बायको ऐकेना. म्हणाली, रक्तच खराब म्हणजे काय आजार आहे का बघा आधी. म्हणून मग सरकारी हॉस्पिटलात गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी पुन्हा पुन्हा तपासलं, दोन जणांना बोलावून दाखवलं, राजारामचा जीव टांगणीला. शेवटी त्या हसल्या. म्हणाल्या, खराब नाही, दुर्मीळ आहे. साध्या तपासणीत ओ दिसतं, पण ते ओ नाही. हजारो माणसांत एखाद्याचं असतं. अशा माणसाला दुसऱ्या कुणाचं रक्त चालत नाही, ओ गटाचंसुद्धा नाही, फक्त आपल्याच गटातलं चालतं. आणि या गटाचं नाव काय, तर बॉम्बे. कारण पहिल्यांदा सापडला तो इथंच.

राजाराम चाळीत शिरला तो ओरडतच. "ऐका रे! मिलनं मला काढलं, पण माझ्या अंगात मुंबई हाय! ती कोण काढतो बघू!"

शेजारीण म्हणाली, "उपाशीपोटी डोक्यावर परिणाम झाला वाटतं."

त्यानंतर त्यानं रक्त विकलं नाही. दिलं. संप कधी संपला कुणालाच कळलं नाही, मिल सुरू झाली तेव्हा त्याला आत घेतलं नाही, तो रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला लागला, पण हॉस्पिटलातून निरोप आला की वखार सोडून धावायचा. हळूहळू आणखी माणसं जोडली. सगळी काही बॉम्बे गटाची नव्हती. साध्या गटाची पण बोलावलं की येणारी माणसं. त्यातला अगदी पहिला म्हणजे शिवडी कोळीवाड्यातला विठोबा चंदू वैती. संपात हा विठोबा संपकऱ्यांच्या खानावळीत टोपलीभर बोंबील आणून टाकायचा आणि कुणी आभार मानले तर शिव्या द्यायचा. त्याचं रक्त साधं ओ पॉझिटिव्ह. पण हौस अशी की राजारामला म्हणायचा, "तुझं लय भारी असंल, पण माझं सगल्यांना चालतं!" चाळीत या सगळ्याला 'राजारामचं मंडळ' म्हणायचे. अजून म्हणतात.

बकुळा शिकली. दादरला कॉम्प्युटरचा क्लास केला, मग दादरलाच एका ऑफिसात लागली, हिंदमाताच्या साडीदुकानांसाठी बिलाचे प्रोग्राम लिहायला. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर म्हणते, "अजून टेस्टिंग चालू आहे." आणि रविवारी बसून तिनं मंडळाचा प्रोग्राम लिहिला. दात्याचं नाव, गट, मोबाइल, कुठे राहतो, शेवटचं रक्त कधी दिलं. हॉस्पिटलातून फोन आला की गट टाकायचा, नावं पुढ्यात.

आता इंडेक्स. घाबरू नका, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. मावशीनं तिच्या बाबांना सांगितलं तसंच सांगते. समजा तुम्ही आमच्या चाळीत पहिल्यांदा आलात आणि तुम्हाला गमरे हवेत. खाली फळा नसेल तर तुम्ही प्रत्येक दार वाजवत सुटणार, गमरे इथेच का, गमरे इथेच का. खाली नावांचा फळा असेल तर वाचायचं आणि थेट दुसऱ्या मजल्यावर. तो फळा म्हणजे इंडेक्स. डेटाबेस मोठा झाला आणि फळा नसला की कॉम्प्युटर दारं वाजवत बसतो आणि इकडे पेशंटचा नातेवाईक फोन कानाला लावून थांबलेला असतो.

हे फळे बकुळा आधी हातानं लावायची. एकदा मशीन बदलल्यावर विसरली, आणि एक नाव शोधायला इतका वेळ लागला की राजाराम म्हणाला, "मी चालत जाऊन बोलावून आणलं असतं." ते तिला लागलं. मग तिनं इंडेक्स बांधायचं काम प्रोग्राममध्येच लिहून टाकलं. प्रोग्राम सुरू झाला की त्यानं आधी बघायचं, फळे आहेत का? नसले तर स्वतःच लावायचे. म्हणजे मी विसरले तरी तो विसरणार नाही, असं तिचं म्हणणं. चांगलंच होतं की!

त्यातला एक फळा जरा कडक होता. एकाच नावाची आणि एकाच मोबाइल नंबरची दोन माणसं चालणार नाहीत, असा. कारण शिबिरात एकच माणूस दोनदा लिहिला जायचा. जन्मतारीख का नाही घेतली, असं मी विचारलं तर हसली. म्हणाली, "जुन्या लोकांना विचार ना जन्मतारीख. सगळे एक जूनचे. मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली." खरंच की, माझ्या आजोबांची पण एक जूनच आहे.

तर हा कडक फळा पहिल्यांदा लागेचना. आधीच दोन-दोनदा लिहिलेली माणसं आत होती, म्हणून डेटाबेस अडून बसला. त्या डेटाबेसात तेव्हा एक सोय होती. सांगायचं की जोडी सापडली तर पहिली नोंद ठेव, दुसरी काढून टाक. एक शब्द लिहायचा फक्त. बकुळानं घरच्या मशीनवर थोड्याशा नोंदींवर करून बघितलं, झकास चाललं. चालू सर्व्हरवरचा प्रोग्राम तिनं पुन्हा सुरू केला नाही, म्हणून तिथे हा फळा लागलाच नाही; शब्द मात्र तसाच राहिला. कामाच्या धबडग्यात विसरली.

मग २०१४ साली मंडळाचा सगळा डेटा नव्या सर्व्हरवर हलवला. बकुळानं प्रोग्राम सुरू केला. प्रोग्रामनं बघितलं, फळे नाहीत. लावले. शोध असा पळायला लागला की तिनं बाबांना बोलावून दाखवलं. "बघा! नाव टाकेपर्यंत हजर!"

राजाराम म्हणाला, "हां, आता बरं."

एकही एरर नाही. सगळं शांत.

आठवडा गेला असेल. सकाळी बकुळा डबा भरत होती आणि फोन आला. रामजी नावाचा माणूस, नायगावचा. आवाज असा की आधी तिला वाटलं रडतोय, मग कळलं धावतोय.

"ताई, जय भीम, गमरे मंडळ ना? माझी बायको, चंपा, परळला अॅडमिट आहे. नववा महिना. बाळाची वार खाली आहे म्हणतात, ऑपरेशन करावंच लागणार, उद्या सकाळी. आणि आता म्हणतात ओ नाय, बॉम्बे हाय! ताई, आम्ही आयुष्यभर ओ समजून बसलो! रक्त हाताशी असल्याशिवाय हात लावणार नाय म्हणतात डॉक्टर, आणि थोडं-थोडं जायला पण लागलंय तिचं."

"दादा, आधी थांब. श्वास घे. करते मी काहीतरी, हॉस्पिटलातच राहा."

तिनं लॅपटॉप उघडला. गट टाकला. नावं क्षणात पुढ्यात, पण किती कमी! राजाराम, वय झालेलं, आता त्याचं घेत नाहीत. एक बाई, तिनं नुकतंच दिलेलं, तीन महिने व्हायचे होते. एक गृहस्थ आखातात नोकरीला. झालं. संपली यादी.

पण आणखी एक होता. तिला पक्कं आठवत होतं, शिवडीच्या शिबिरात एक कोळ्याचा तरणाबांड पोरगा, तपासणीत बॉम्बे निघाला आणि हसत सुटला होता, "मग दिल्लीवाल्याला नाय चालणार का माझं?" तिनं स्वतःच्या हातानं लिहिला होता तो. गेला कुठे?

नाव आठवेना. मग कोळीवाडा टाकून बघितला. आणि नाव आलं. विठोबा चंदू वैती. हां, हाच! पण पुढे लिहिलेलं ओ पॉझिटिव्ह. म्हणजे हे तर बाबांचे विठोबाकाका! वय झाल्याने घेत नाही. 

"बाबा," तिनं हाक मारली, "तुमच्या विठोबाकाकांना नातू आहे ना? काय नाव त्याचं?"

"विठोबाच की," राजाराम दाढी करता करता म्हणाला. "आजाचं नाव नातवाला. बापाचं नाव चंदू, म्हणजे विठोबा चंदू. आणि थोरल्याचा बाप पण चंदूच. हे असंच फिरत राहतं त्यांच्यात."



बघा तुम्ही आता. आजा विठोबा चंदू वैती. नातू विठोबा चंदू वैती. आणि आजाला कुठला मोबाइल? घरात एक फोन, तोच दोघांनी लिहून दिलेला. नाव तेच, नंबर तोच. कडक फळ्यानं बघितलं, एक माणूस दोनदा लिहिलाय, पहिला ठेवला, दुसरा पुसला. गमऱ्यांच्या घरात हे तिला सुचणं शक्यच नव्हतं. तिच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून त्यांच्याकडे प्रत्येक पोराला नवंकोरं नाव. जुनं नाव पुन्हा ठेवायची रीतच नाही घरात. 

तिनं कोड उघडला. तो एक शब्द तिथेच होता, निवांत. 

"बाबा, मी माणसं पुसली," ती म्हणाली. "मी स्वतः. किती पुसली तेपण माहीत नाही."

राजाराम अर्ध्या दाढीवर साबण तसाच घेऊन आला. तिच्यापुढे उकिडवा बसला. "पोरगा यादीतनं गेला ना? जगातनं नाय ना गेला? मग ऊठ. रड नंतर. मी पण रडतो तुझ्यासंगं, पण नंतर."

नंबर तर होताच, आजोबांच्या नोंदीत! तिनं लावला. एका बाईनं उचलला. ही शेवंता, धाकट्याची आई, पण ते बकुळाला नंतर कळलं.

"हॅलो, विठोबा आहेत का?"

"मामंजी होय? झोपलेत. बरं नाय त्यांना."

"नाही हो, धाकटे. तुमचा मुलगा. विठोबाच ना तो?"

पलीकडून हळूच आवाज आला, "बाय, मी कसं घेऊ ते नाव? सासऱ्यांचं ना ते. आम्ही बारक्या म्हणतो."

"बरं, बारक्या! बारक्या आहे का?"

"तो दर्यान गेलाय. फोन घरीच टाकून जातो. आज दुपारच्या भरतीला लागंल बोट भाऊच्या धक्क्याला. लागली तर."

लागली तर! बकुळानं ऑफिसात कळवलं, येत नाही आज, आणि कोळीवाडा गाठला. कारण बोट ओळखणार कोण? शेवंता दारातच उभी, आणि तिच्या मागून खोकत-खोकत थोरला विठोबा, अंगात स्वेटर, डोक्यावर टोपी.

"राजारामची पोर ना गो तू? कवरी मोठी झालीस! चल, मना घेऊन चल. बोट मी ओळखतंय."

"अहो मामंजी, तुम्हाला ताप आहे," शेवंता म्हणाली.

"ताप मना आहे, बोटीला नाय. चल गो."

टॅक्सीत तो गप्प बसेना. रे रोडच्या वखारी दिसल्या तेव्हा म्हणाला, "तुझा बाप इथं फळ्या उचलायचा. मी हाक मारायचो आणि तो खांद्यावरची फळी घेऊनच वळायचा, मागचे सगले खाली बसायचे!" बकुळा हसली आणि तिला रडूच फुटलं. मग तिनं त्याला सगळं सांगून टाकलं, फळा, कडक फळा, तो एक शब्द.

म्हाताऱ्यानं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे त्या मशीनला वाटलं, मीच दोनदा?"

"हो काका."

"मंग त्यानं थोरला ठेवला." तो खूश झाला. "अक्कल आहे गो मशीनला. पण रगत तर बारक्याचं पायजे ना!"

धक्क्यावर बर्फ, टोपल्या, शिव्या, माशांचं पाणी. बोटी लागत होत्या. प्रत्येक बोटीला बकुळा विचारायची, ही? आणि तो मान हलवायचा. रामजीचा फोन यायचा, ताई काय झालं? ती म्हणायची, येतोय. तिला माहीत नव्हतं येतोय का. दुपार कलायला लागली. थोरल्याचे दात वाजायला लागले तापानं, तरी तो बाकड्यावर बसेना, बसलं तर पलीकडचं दिसत नाही म्हणायचा.

आणि मग तो एकदम ओरडला. "बारक्या! ए बारक्या! टोपली टाक, हात धू आणि वर ये!"

बोटीवरनं आवाज आला, "काय झालं? आये बरी हाय ना?"

"सगली बरी हायत! तुझं रगत पायजे!"

अख्खा धक्का बघायला लागला. बारक्या वर आला, खांद्यापर्यंत खवले चिकटलेले, बकुळाला बघून हसला. "मावशी, तुम्ही! शिबिरवाल्या! चला."

काही विचारलंच नाही हो त्यानं. कुणाला, किती, का. चला म्हणाला. मला हे लिहितानाच कसंतरी होतंय.

टॅक्सीवाला घ्यायलाच तयार नाही. "भाई, मच्छी का वास सीट से जाता नहीं."

थोरला म्हणाला, "अरे, तेरे को मच्छी का वास आता है, मेरे को तेरे पेट्रोल का आता है, मैं कुछ बोला?" बसले.

रक्तपेढीत परत धाकधूक. डॉक्टरांनी विचारलं, रात्री झोपलास का? तो म्हणाला, पाळीपाळीनं. खाल्लंस काय? सुका बोंबील आणि भात. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. पडून राहा म्हणाले, चहा-बिस्किटं दिली, मग हिमोग्लोबिन बघितलं. बकुळा दाराशी उभी, लहानपणी बाकड्यावर बसायची तशीच. तेव्हा आत बाबा गेले होते आणि त्यांना हाकलून दिलं होतं. आज आतनं काय येतंय?

आतनं नर्स आली. म्हणाली, "घोड्यासारखा आहे तब्येतीनं. घेतोय." 

जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते बकुळाला तेव्हा कळलं. ती तिथेच जमिनीवर बसली. रामजी धावत आला आणि तिच्या पायाला हात लावायला वाकला, तिनं त्याला हाताला धरून शेजारी बसवला. तपासण्या झाल्या, रक्त चंपाच्या रक्ताशी जुळलं. बारक्या बाहेर आला तो कापूस दाबत, आणि हातात केळं! नर्सनं दिलेलं. त्यानं ते आजाला दिलं. आजानं सोललं आणि अर्धं मोडून बकुळाला दिलं. आता हे त्याला कुठे माहीत होतं? नव्हतंच. पण तिनं खाल्लं ते केळं, आणि मला सांगते, असलं गोड केळं पुन्हा खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी चंपाला मुलगी झाली. ती बाटली लागलीच ऑपरेशनात, नसती तर काय, ते बोलायचंच नाही. दोघी ठणठणीत. रामजीनं पेढे आणले ते आख्ख्या चाळीला, आणि राजाराम रडला, कबूल केल्याप्रमाणे.

पण बकुळाचं काम संपलं नव्हतं. आणखी किती गेले? जुना सर्व्हर! महिनाअखेरपर्यंत त्याचं भाडं भरलेलं होतं, म्हणून तो अजून चालू होता. तिनं उघडला. सगळी माणसं तिथे होती. जशीच्या तशी. तिनं दोन्ही समोरासमोर लावली आणि गेलेल्या नोंदी काढल्या. पंधरा-वीसच होत्या. परत घातल्या. तो शब्द उपटून फेकला. आता प्रोग्राम सुरू झाला की फक्त बघतो, आणि इंडेक्स नसला तर बोंब मारतो, स्वतःहून काही बांधत नाही की पुसत नाही. बांधायचं काम वेगळं, ते मावशी स्वतः बसून करते, आधी प्रत घेऊन. आणि नाव-नंबर सारखे निघाले तर प्रोग्राम नुसती जोडी दाखवतो. पुढचं तिच्या पायांवर. ती जाते आणि बघून येते, माणूस एक की दोन.

त्या पंधरा-वीसमधली बरीचशी खरंच एकेकटी निघाली, दोनदा लिहिलेली. पण खोताच्या वाडीत बाप-लेक निघाले, दोघंही पास्कल, आणि बाप म्हणाला, "आय अॅम द ओरिजिनल, हा." गिरगावात एक आजी-नात. प्रत्येक घरात चहा. मावशीचं वजन वाढलं त्या महिन्यात.

शेवटी ती शिवडीला गेली. बारक्या म्हणाला, "काय मावशी, कॉम्प्युटरनं मारलं होतं ना मला?"

"मारलं नव्हतं रे. आजोबांत मिसळलं होतं."

"ते तर आई रोज म्हणते, अगदी त्यांच्यावर गेलायस."

थोरला खाटेवर होता. त्यानं विचारलं, "मना काढलंस का गो यादीतनं? माझं रगत घेत नाय आता, मंग कशाला ठेवतीस?"

बकुळा म्हणाली, "नाही काढलं काका. दोन विठोबा आहेत, तर दोन ठेवलेत."

म्हातारा म्हणाला, "ठेव. पण बघून जात जा अधनंमधनं. नुसतं ठेवू नको."

म्हणून मी हे लिहिलं. राजारामआजोबा म्हणाले ना परवा, थोरल्याला बरं नाय. काल मावशी जाऊन आली, बसून बोलतोय, शिव्या देतोय, म्हणजे ठीक आहे. पण तुम्ही कुणी शिवडीकडचे असाल, कोळीवाड्यात शिरा आणि वैत्यांचं घर विचारा. शेवंतामावशी विचारेल मोठे की बारके, तर मोठे म्हणा. संपातल्या बोंबलांची गोष्ट काढा, मग तो थांबत नाही. आभार मात्र मानू नका. आणि जायचंच असेल तर पुढच्या रविवारी वगैरे नको हं, या आठवड्यातच जा. लवकर भेटून या.